बायबलातील पात्रे आणि आपल्या अंतःकरणाच्या अवस्था

वारीतल्या एका मुक्कामावर, रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर, आम्ही चार मंडळी एका घराच्या पडवीत टेकलो होतो. त्या रात्रीच्या निरूपणात देहच पंढरी आणि आत्माच विठ्ठल हा संतांचा आपल्या सर्वांच्या परिचयाचा विचार आला होता. दिंडीतले एक वृद्ध विणेकरी बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "महाराज, एक विचारू का? पंढरी देहातच आहे म्हणता. मग पायाची सालटी काढून आम्ही चाललोय कुठं? पुंडलीक म्हणजे मनाची एक अवस्था म्हणता. मग आईबापाचे पाय चेपणारा पुंडलीक होता का नव्हता?"

आम्ही त्यांना काहीतरी उत्तर दिले. वेळ मारून नेली म्हणा ना! म्हाताऱ्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नाही हे आम्हाला दिसले आणि आमचेही झाले नव्हते.

पुढे वाचन करताना असे आढळले की हाच प्रश्न दुसऱ्या एका धर्मग्रंथाच्या वाचकांना दोन हजार वर्षे पडत आला आहे. तो ग्रंथ म्हणजे बायबल. त्यातील अब्राहाम, हागार, मोशे, फारो ही माणसे खरोखर होऊन गेलेली माणसे समजावी, की आपल्याच अंतःकरणातील अवस्था समजाव्या, यावर तिकडे मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्ये घालवली. कोणाचा धर्म शिकवावा किंवा कोणाचा खोडावा हा आमचा हेतू नाही. आपल्या डोळ्यातले काजळ आपल्याला आरशाशिवाय दिसत नाही, म्हणून हा आरसा. शिवाय हा ग्रंथ मराठीला अगदीच परका नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोमंतकात १६१६ साली छापले गेले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

अलेक्झांड्रियाचा फिलो

इजिप्त देशात समुद्रकाठी अलेक्झांड्रिया नावाचे शहर आहे. ग्रीक राजा अलेक्झांडर याने ते इ. स. पूर्व ३३१ मध्ये वसवले. तेथे ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. पिढ्यान्पिढ्या तेथे राहून त्यांची बोली ग्रीक झाली होती, आणि मोशेचे पाच ग्रंथसुद्धा ते ग्रीक भाषांतरातूनच वाचत. अशा घरात इ. स. पूर्व २० च्या सुमारास फिलो हा पुरुष जन्मला. त्या काळी ग्रीक पंडित आपल्या होमर कवीच्या देवदेवतांच्या कथांमधून आतला अर्थ काढून दाखवीत. फिलोने तीच दृष्टी आपल्या धर्मग्रंथाला लावली. देव संध्याकाळी बागेत फिरत होता असे शास्त्रात लिहिले आहे. देवाला का पाय आहेत? फिलो म्हणे, शब्द जेथे अडखळवतो तेथे वाचकाने थांबावे, आत काहीतरी ठेवलेले आहे.

आरंभीची आदाम, हव्वा आणि साप यांची कथा घ्या. फिलोच्या मते आदाम म्हणजे बुद्धी, हव्वा म्हणजे इंद्रियांकडून येणारे ज्ञान, आणि साप म्हणजे विषयसुख. साप सरळ आदामाकडे गेला नाही, आधी हव्वेकडे गेला. का? तर सुखाला बुद्धीशी समोरासमोर बोलता येत नाही. ते आधी इंद्रियांना गाठते, आणि मग इंद्रियांच्या तोंडून बुद्धीला फसवते. हे आपल्याला का ठाऊक नाही? एकादशीच्या दिवशी शेजारी भजी तळली की पहिली खबर नाकाला लागते. बुद्धी मागाहून येते, आणि येताना "आज पित्त झालंय, थोडं खाल्लं तर चालतं" असा शास्त्रार्थ बरोबर घेऊन येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बुद्धी तेवढी पुरुषाच्या वाट्याला आणि इंद्रिये तेवढी स्त्रीच्या, ही वाटणी फिलोच्या काळची आहे आणि ती सदोष आहे. त्यापायी पुढे स्त्रियांना पुष्कळ बोल सोसावे लागले. जनाबाई आणि मुक्ताबाई यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने ती वाटणी स्वीकारण्याचे कारण नाही. आदाम आणि हव्वा दोघेही प्रत्येकात आहेत, एवढेच घ्यावे.

घर सोडणारा अब्राहाम

देवाने अब्राहामाला आज्ञा केली की आपला देश, आपले गोत आणि बापाचे घर सोडून मी दाखवीन त्या देशी जा. फिलो म्हणतो, देश म्हणजे देह, गोत म्हणजे इंद्रिये आणि बापाचे घर म्हणजे वाणी. ही तिन्ही सोडून निघायचे. पण लगेच तो बजावतो की सोडणे म्हणजे नाश करणे नव्हे. देहाला मारायचे नाही, त्याच्या आज्ञेत राहायचे नाही, एवढाच अर्थ. वारकऱ्याला हे फार सांगायला नको. संसार टाकून न देता, पंधरा-वीस दिवस त्याचा हुकूम बाजूला ठेवून निघणे ही आपली नित्याची रीत आहे.

अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक आणि नातू याकोब या तिघांत फिलोला परमार्थाच्या तीन वाटा दिसतात. अब्राहाम शिकून पोचला, इसहाक जन्मतःच्या स्वभावाने पोचला, आणि याकोब अभ्यासाने, झटापट करून पोचला. याकोबाने रात्रभर एका दिव्य पुरुषाशी झोंबी घेतली, मांडीच्या सांध्याला मार बसून तो लंगडा झाला, पण आशीर्वाद घेतल्यावाचून त्याने हात सोडला नाही. तेव्हा त्याला इस्राएल हे नाव मिळाले. फिलो या नावाचा अर्थ देवाला पाहणारा असा घेतो. तिघांपैकी प्रत्येकात तिन्ही गुण असतातच, ज्याचा जो अधिक त्यावरून त्याची ओळख, असेही तो सांगतो. दिंडीत पाहा. एकाला एकदा ऐकले की कळते, एकजण लहानपणापासून गाभाऱ्यात जन्मल्यासारखा शांत, आणि एकाचे मन रोज सकाळी पहिल्यापासून वळवावे लागते. तिसऱ्याने निराश होऊ नये. देवाला पाहणारा हे नाव त्या लंगडणाऱ्याला मिळाले आहे.

दासी आणि स्वामिनी

अब्राहामाची पत्नी सारा. तिला मूल होईना, म्हणून तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. हागार गरोदर राहिली आणि मालकिणीला तुच्छ लेखू लागली. सारेने तिला छळले, आणि पुढे साराला मुलगा झाल्यावर हागारेला लेकरासह घालवून देण्यात आले.

फिलोने या कथेवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्याच्या मते सारा म्हणजे खरी प्रज्ञा, आणि हागार म्हणजे व्याकरण, भूमिती, संगीत, वक्तृत्व या शाळेतल्या विद्या. साधकाला प्रज्ञेपासून एकदम फळ मिळत नाही, आधी दासीकडे जावे लागते, आणि त्यात गैर काही नाही. पण दासी स्वामिनी होऊन बसली म्हणजे घर बिघडले.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो. आपल्याकडे पाठांतर आहे, चाली आहेत, मृदंगाचे बोल आहेत, दृष्टांतांची पोतडी आहे. हे सर्व हवेच, त्यावाचून कीर्तन उभे राहत नाही. पण एखाद्या रात्री लोक माना डोलवतात, आणि घरी परतताना आपल्या मनात नामाऐवजी "आज आवाज काय लागला होता!" एवढेच उरते. त्या रात्री आपल्या घरात हागार मालकीण झालेली असते. बाहेरच्या कोणाला ते कळत नाही, आपल्याला मात्र कळते.

पण हागारेला तहान लागली होती

इतका वेळ आम्ही जी वाट दाखवली ती गोड आहे. आता तिच्यातला खड्डा दाखवतो.

बायबलात हागारेची कथा पुढे अशी आहे. भाकरी आणि पाण्याची एक पखाल देऊन तिला वाटेला लावले. बैरशेब्याच्या रानात पाणी संपले. तिने लेकराला एका झुडुपाखाली टाकले आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, कारण मुलाचे मरण तिला डोळ्यांनी पाहवेना. तेव्हा देवाने त्या पोराचा आवाज ऐकला, आणि तिचे डोळे उघडले तो समोर पाण्याची विहीर! त्याआधीही एकदा ती रानात पळून गेली असता देवाचा दूत तिला भेटला होता, आणि तेव्हा या दासीने देवाला नाव दिले, पाहणारा देव.

आता सांगा, हागार म्हणजे केवळ शाळेतली विद्या असे म्हणून पुस्तक बंद केले, तर त्या बाईच्या तहानेचे काय झाले? रूपकाने आपला अहंकार उघडा पाडला हे खरे, पण त्याच रूपकाने एका निराधार बाईचे रडणे ऐकू येईनासे केले. दुसऱ्याचे दुःख कोरडे करणारा अर्थ कितीही खोल असला तरी तो अपुरा आहे.

याहून मोठा धोका दुसरा. रूपकाचे बोट स्वतःकडे असते तोवर ते औषध असते. ते दुसऱ्याकडे वळले की त्याची काठी होते. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सारा आणि हागार या दोघींना दोन करारांचे रूपक म्हटले. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) हा थोर पुरुष. त्याच्या प्रांतात दोनातवादी नावाचा ख्रिस्ती लोकांचाच एक फुटलेला पंथ होता. त्यांना परत आणण्यासाठी सरकारी बळ वापरणे योग्य की अयोग्य असा वाद चालला, तेव्हा इ. स. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात ऑगस्टीनने याच कथेचा आधार घेतला. सारेने हागारेला शासन केले, तसे खऱ्या मंडळीने वाट चुकलेल्यांना करावे, असा त्याचा आशय. पाहा बरे! फिलोच्या घरी जी दासी आपल्याच मनातली होती, ती येथे शेजारच्या गल्लीत राहणारी माणसे झाली, आणि त्यांच्या पाठीवर राजाचा दंड आला.

म्हणून म्हणतो, "अमका म्हणजे फारो", "तमका म्हणजे साप" असे दुसऱ्याला नाव ठेवण्यासाठी ज्याला ही विद्या हवी असेल त्याने ती शिकूच नये.

फिलोने स्वतः काय केले

विणेकरीबुवांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला फिलोकडेच सापडले. त्याच्या काळीही काही हुशार मंडळी म्हणू लागली होती की, शब्बाथाच्या विश्रांतीचा आतला अर्थ कळला, मग तो दिवस पाळायचा कशाला? सणाचा अर्थ कळला, मग सण कशाला? रूपकांचा एवढा मोठा भाष्यकार फिलो, पण त्याने अशांना दोष दिला. तो म्हणतो, बाहेरचा आचार देहासारखा आणि आतला अर्थ आत्म्यासारखा आहे. देह आत्म्याचे घर आहे म्हणून आपण देहाची काळजी घेतो, तशीच आचाराचीही घ्यावी. ही माणसे जणू रानात एकटीच राहत असल्यासारखी वागतात, आपण चारचौघांत राहतो हे विसरतात. शिवाय आचार पाळता पाळताच त्याचा अर्थ अधिक स्वच्छ दिसू लागतो.

हे त्याने नुसते लिहिले नाही. इ. स. ३८ मध्ये अलेक्झांड्रियात ज्यू लोकांवर भयंकर हल्ले झाले, घरे लुटली गेली, प्रार्थनास्थळे विटाळली गेली. तेव्हा हा म्हातारा तत्त्वज्ञ आपल्या लोकांचे शिष्टमंडळ घेऊन समुद्रापार रोमला सम्राट गायस याच्याकडे दाद मागायला गेला. मिसर देश म्हणजे देहाचे विकार असे शिकवणारा हा पुरुष. पण त्याच मिसर देशात शेजाऱ्याचे घर जळाले, तेव्हा "हे सर्व मनाच्या अवस्था आहेत" असे म्हणून तो ग्रंथात तोंड खुपसून बसला नाही.

बेचाळीस मुक्काम

फिलोनंतर दीडशे-दोनशे वर्षांनी त्याच शहरात ओरिजेन हा ख्रिस्ती आचार्य झाला. जन्म इ. स. १८५ च्या सुमारास. पुढे तो पॅलेस्टाइनमधील कैसरियात राहिला, आणि वृद्धपणी सम्राट डेसियसच्या काळच्या छळात त्याला तुरुंगात यातना सोसाव्या लागल्या. माणसाला शरीर, जीव आणि आत्मा आहे तसे शास्त्रवचनालाही तीन थर आहेत, असे तो शिकवी.

बायबलात गणना नावाचे पुस्तक आहे. त्याच्या तेहतिसाव्या अध्यायात इस्राएल लोक मिसर देशातून निघून यार्देन नदीपर्यंत कोठे कोठे उतरले त्या मुक्कामांची नुसती यादी आहे. अमुक ठिकाणाहून निघाले, तमुक ठिकाणी तळ दिला. वाचणाऱ्याला कंटाळा येतो. पण ओरिजेनने या यादीवर एक प्रवचन दिले आहे, आणि ते आम्हाला वारकऱ्यांसाठीच दिल्यासारखे वाटले. हे मुक्काम बेचाळीस. तो म्हणतो, हे जीवाच्या प्रवासातले टप्पे आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत बेचाळीस पिढ्या मोजल्या आहेत. देव जितक्या पायऱ्या उतरून खाली आला, तितक्याच पायऱ्या चढून जीवाने वर जायचे.

आळंदीहून किंवा देहूहून निघालेल्याला मुक्कामांची यादी कधी कोरडी वाटत नाही. दिवेघाट म्हटले की पोटऱ्या आठवतात, वाखरी म्हटले की डोळे भरतात. तशाच डोळ्यांनी ही वाट पाहावी.

मिसर देशात लोक विटा पाडीत होते, गुलामीत होते, पण पोटाला मिळत होते. निघाल्यावर फारो सैन्य घेऊन पाठलागावर आला. तो आपल्यातला कोण? आपण स्वस्थ बसलो असताना तो काही बोलत नाही. नेम धरला, व्यसन सोडले, वैर मिटवायला निघालो, की तो रथ जोडतो. निघाल्यानंतर मन अधिक उसळले म्हणून घाबरू नये, निघाल्याचीच ती खूण आहे.

समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस पाणी नाही. मग मारा नावाचे ठिकाण आले, तेथे पाणी होते पण कडू. त्यापुढे एलीम, तेथे पाण्याचे बारा झरे आणि खजुरीची सत्तर झाडे. कडू पाण्याच्या मुक्कामातून गेल्यावाचून खजुरीची सावली लाभत नाही, असा ओरिजेनच्या निरूपणाचा भाव आहे. आणि एलीमलाही लोक राहिले नाहीत, पुढे निघाले. सुखाचा मुक्कामही मुक्कामच.

पुढच्या रानात लोकांना मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवल्या, आणि ते कुरकुरू लागले. तेव्हा देवाने रोज पहाटे मान्ना नावाचे अन्न पाडले. ते रोजच्या रोज, त्या दिवसापुरते गोळा करायचे. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले, तर त्यात किडे पडले. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची परवानगी होती. यावर आमचे साधे म्हणणे असे की, कालच्या हरिपाठावर आजचा दिवस निघत नाही. मागे कधीतरी आलेला अनुभव आपण डबीत घालून ठेवतो आणि चार लोकांत उघडून दाखवतो. उघडताना वास येतो तो कशाचा, हे ज्याचे त्याने पाहावे.

आधी कथा, मग अर्थ

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, नीसा येथील बिशप ग्रेगरी याने मोशेच्या चरित्रावर ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या भागात तो मोशेची कथा जशीच्या तशी सांगतो, आणि दुसऱ्या भागात तिचा आतला अर्थ उलगडतो. मोशेला देव पहिल्यांदा जळत्या झुडुपाच्या प्रकाशात भेटला, मग मेघात, आणि शेवटी पर्वतावरच्या दाट अंधारात. प्रकाशाकडून अंधाराकडे, हा उलटा क्रम कसा? ग्रेगरी म्हणतो, जो जो जवळ जावे तो तो देव बुद्धीच्या पलीकडचा आहे हे कळते, आणि ही वाट कधी संपत नाही. आपल्याकडे वेदही जेथे नेति नेति म्हणून थांबतात, त्या ठिकाणाची येथे आठवण होते.

त्याच सुमारास अंतियुखिया येथील आचार्यांनी, विशेषतः थिओडोर (मृत्यू इ. स. ४२८) याने, अलेक्झांड्रियाच्या रूपकांवर कडक टीका केली. घडलेली कथाच पुसून टाकली तर अर्थ टांगायचा कोणत्या खुंटीला, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ. आम्हाला दोन्ही बाजू हव्याशा वाटतात. ग्रेगरीने दोन्ही राखल्या, म्हणून त्याची मांडणी बरी.

अलीकडचे वाचन

विसाव्या शतकात अमेरिकेत या पद्धतीला नवा बहर आला. कॅन्सस सिटी येथे युनिटी ही चळवळ चालवणारे चार्ल्स फिल्मोर यांच्या विचाराचा, बायबलातील नावांचे आतले अर्थ देणारा एक जाडजूड कोश १९३१ साली निघाला. ख्रिस्ताचे बारा शिष्य म्हणजे माणसातल्या बारा शक्ती, असे त्यांचे म्हणणे. पेत्र म्हणजे श्रद्धा, योहान म्हणजे प्रेम, थोमा म्हणजे समज, याप्रमाणे. नंतर नेव्हिल गोडार्ड (१९०५ ते १९७२) या बार्बाडोस बेटावर जन्मलेल्या व्याख्यात्याने तर सारे बायबल म्हणजे मनात चालणारे नाटकच ठरवले. पात्रे म्हणजे जाणिवेच्या अवस्था, आणि माणसाची कल्पनाशक्ती हाच देव. इच्छा पूर्ण झाली आहे अशा भावात राहा, म्हणजे बाहेर तसे घडते, अशी त्याची शिकवण.

यात घेण्यासारखे आहे. ही कथा तुझीच आहे, हे त्याने ठासून सांगितले. पण आमचे मन एका जागी अडते. फिलोचा अब्राहाम आपले सोडायला निघाला होता, आणि येथे निघालेला माणूस आपल्याला हवे ते मिळवायला निघाला आहे. अंतर्मुख होऊनही मागणे तेच राहिले, तर मिसर देश सुटला कोठे? आणि ज्याच्या घरी दुःख आले त्याला "तुझ्या मनाची अवस्थाच तशी होती" असे सांगण्याची पाळी येते. तहानलेल्या हागारेला असे सांगण्याचे धाडस आमच्याने होणार नाही.

थोरला मुलगा

आता शेवटची कथा, आणि ती सांगताना आम्हाला थोडी लाज वाटते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकट्याने बापाकडून आपली वाटणी घेतली, दूर देशी जाऊन उडवली, दुष्काळात डुकरे राखण्याची वेळ आली, तेव्हा शुद्धीवर येऊन तो घरी परतला. बाप धावत गेला, गळ्यात पडला, मेजवानी मांडली. ही गोष्ट आम्ही पुष्कळदा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी धाकटा म्हणजे आपण असे समजून डोळे पुसले होते. भरकटलेला जीव परत आला, देवाने पोटाशी धरले! फार गोड वाटे.

पण गोष्ट तेथे संपत नाही. थोरला मुलगा शेतातून आला, वाद्ये ऐकली, कारण कळले, आणि रागावून दारातच उभा राहिला. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो, एक आज्ञा मोडली नाही, मला कधी एक करडूसुद्धा दिले नाही, असे तो बापाला म्हणाला. 'माझा भाऊ' हा शब्द त्याच्या तोंडातून आला नाही, 'हा तुमचा मुलगा' असे म्हणाला. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला आणि विनवणी करू लागला. थोरला आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

आमच्या धाकट्या भावाने वाटणी मागून आपला जमिनीचा तुकडा विकला होता आणि शहरात जाऊन पैसा घालवला होता. काही वर्षांनी तो परत आला. आईने त्याला ठेवून घेतले. त्यानंतर सात वर्षे आम्ही त्याच्या हातचे पाणी प्यालो नाही. आणि या सातही वर्षांत आम्ही वारी चुकवली नाही, एकादशी मोडली नाही, प्रवचने तर किती केली याची गणतीच नाही. ती गणती मात्र मनात चोख होती. लोकांशी बोलताना आम्ही त्याला 'आईचा लेक' म्हणत असू.

एका रात्री हा अध्याय पुन्हा वाचताना त्या एका शब्दापाशी थांबलो. 'तुमचा मुलगा.' धाकट्याच्या जागी बसून रडणे सोपे होते. आमची खरी जागा दाराबाहेर, पावलांची मोजदाद करीत उभ्या असलेल्या माणसाची होती. आत टाळ वाजत होते, आणि आत जाण्यापासून आम्हाला आमची सेवाच अडवीत होती.

त्या दिवाळीत आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो. फार काही बोलणे झाले नाही. त्याने पाट मांडला, आम्ही बसलो. आई दारात उभी राहून पाहत होती.

वाचनाच्या तीन खुणा

या सर्व अभ्यासातून आम्ही स्वतःपुरत्या तीन खुणा बांधल्या आहेत. वाचकांनी त्या पारखून घ्याव्या.

पहिली, आधी कथा पूर्ण ऐकावी. त्यातले माणूस माणूस म्हणून डोळ्यांसमोर उभे राहू द्यावे, त्याची तहान, त्याची भीती कळू द्यावी. मग अर्थ शोधावा.

दुसरी, अर्थ स्वतःला लावावा. मोशे मी आणि फारो शेजारी, असे वाटू लागले की थांबावे आणि पात्रे बदलून पाहावी. जे पात्र आपल्याला सर्वात नकोसे, तेच बहुधा आपले.

तिसरी, वाचल्यावर हातून काहीतरी घडले पाहिजे. कोणाकडे जाणे, कोणाला देणे, काहीतरी टाकणे. मनात नुसता अर्थ चमकून गेला आणि पाय जागचे हलले नाहीत, तर मुक्काम बदलला नाही असे समजावे.

पुढच्या वारीत ते विणेकरीबुवा पुन्हा भेटले. चहा घेता घेता आम्ही त्यांना फिलोचे म्हणणे सांगितले, देह आणि आत्म्याचे, बेचाळीस मुक्कामांचे. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग वीणा खांद्याला लावत म्हणाले, "म्हणजे चालायचंच म्हणा की."

"चालायचंच," आम्ही म्हणालो, "आणि चालता चालता आपला फारो किती मागं राहिला ते बघायचं."

"तो कुठला मागं राहतोय," म्हातारे हसले, "ह्याच दिंडीत आहे. पण पुंडलीकबी हितंच आहे."

रामकृष्णहरि.